लव्हिनाचे दोन नाताळ

फोनवर लव्हिनाचं नाव उमटलं तेव्हा मी ओपीडीत होते आणि समोर एक आजोबा त्यांच्या गुडघ्याचा अगदी पहिल्या दिवसापासूनचा इतिहास सांगत होते. मी फोन कापला. लव्हिनाचा दुपारचा फोन म्हणजे काहीतरी फालतू असणार याची मला खात्री होती. जेवलीस का, मी काय जेवले, ठाकूरद्वारच्या नाक्यावर कोण भेटलं आणि किती जाड झालंय. फोन पुन्हा वाजला. आणखी एकदा वाजला तेव्हा उचलून म्हटलं, "अगं बाई, पेशंट आहे समोर." पलीकडून तिच्या दवाखान्यात काम करणारी रेश्मा बोलली, "मॅडम, डॉक्टर पडल्या." मी विचारलं, कुठे, जिन्यात? कारण तिच्या दवाखान्याचा जिना होताच तसा, आणि मी तिला त्यावरून कितीदा तरी टोकलं होतं... जिन्यात नाही. खुर्चीतच. एका पेशंटला औषध लिहून देताना तिने कपाळ दाबलं, 'एक मिनिट हां' म्हणाली आणि टेबलावर डोकं ठेवलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. मी पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मी स्वतः डॉक्टर असल्यामुळे मला ते कुणी हळुवारपणे समजावूनही सांगितलं नाही.

नोव्हेंबर संपत आला होता. खोताच्या वाडीत घरांवर कागदी तारे चढायला अजून थोडा अवकाश होता. शिवडीला दफन करून आम्ही सगळे तिच्या घरी परतलो. तिची आई, फिलोमिना आंटी, पडवीत तिच्या शिलाई मशीनशेजारच्या खुर्चीत बसली होती. लव्हिना लहान असतानाच तिचे वडील गेले, तेव्हापासून आंटीने या मशीनवर गिरगावातल्या निम्म्या नवऱ्यामुलींचे गाऊन आणि बाळांचे बाप्तिस्म्याचे झगे शिवले आणि एकुलत्या एका मुलीला डॉक्टर केलं. भोवती वाडीतल्या बायका होत्या. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं अशी ती वेळ होती. मग आंटीच बोलायला लागली. तिने तिची नेहमीची गोष्ट सांगितली, जी मी तिच्या तोंडून दर वर्षी ऐकत आले आहे. "माजी लव्हिना ख्रिस्तावांच्या देशात शिकली. पयल्या सालचा नाताळ काय झाला तिथं... सगला गाव देवलात. पोरांना एंजलचे कपडे. घंटा अशा वाजत व्हत्या, मना फोनमधी ऐकू आल्या." आणि मग माझ्याकडे वळून, "खरं ना गो सुजा? तू व्हतीस ना तिच्यासंगं."

मी म्हटलं, "हो आंटी."

त्यातलं काहीही खरं नव्हतं. हे जगात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकीला आम्ही तासाभरापूर्वी मातीत ठेवून आलो होतो. घरी परत जाताना माझ्या डोक्यात लव्हिना कमी आणि तो 'हो' जास्त होता. कारण मी लव्हिनाला शब्द दिला होता की आंटीला कधी सांगणार नाही. माणूस जिवंत असेपर्यंत दिलेला शब्द सोडवून घेता येतो, भांडता येतं, 'आता पुरे' म्हणता येतं. आता कुणाशी भांडायचं?

आमची ओळख झाली ती हिंदमाताला. एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका एजंटने परदेशी डॉक्टरकीच्या प्रवेशाचा मेळावा भरवला होता. खाली बस्ते फाडले जात होते आणि वर आमच्यासारखी, इथे थोडक्यात सीट हुकलेली मुलं आईबापांना घेऊन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. मी परळच्या चाळीतली, गिरणी कामगाराची नात; आमच्या घरातली पहिली डॉक्टर होणार म्हणून बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. शेजारच्या खुर्चीत एक सावळी, कुरळ्या केसांची मुलगी आणि फ्रॉकमधली तिची आई. एजंटने जॉर्जियाची चित्रं दाखवली, बर्फ दाखवला, हसणारी मुलं दाखवली. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर बाबांनी डिग्री इथे चालते का ते विचारलं, दुसऱ्या कुणी मेसमध्ये डाळभात मिळतो का ते विचारलं. त्या फ्रॉकमधल्या बाईने हात वर केला आणि विचारलं, "तिथं चर्च हाय का?" एजंट हसला. "आंटी, ख्रिश्चन कंट्री आहे. गल्लोगल्ली चर्च. तुमच्या मुलीला तर घरच्यासारखं वाटेल." त्या एका वाक्यावर फिलोमिना आंटीने मुलीला परदेशी पाठवायचं ठरवलं. मुलगी मात्र माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तू जाणार असशील तर मी जाते हां. मला एकटीला सकाळी उठवणारं कुणी लागतं."

अशी आमची मैत्री झाली. पुढे सहा वर्षं मी तिला सकाळी उठवलं.

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, आम्हाला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. स्वयंपाकघर म्हणजे विजेची एक शेगडी आणि बेसिन. लव्हिनाला घरची आठवण आली की ती रडायची नाही, चिडायची. ब्रेड चांगला नाही, पाणी थंड, लोक हसत नाहीत, हाडांची नावं लॅटिनमध्ये कशाला. पण तिची सगळी कुरकुर एका वाक्यावर येऊन थांबायची, "नाताळ येऊ दे, मग बघ." वाडीत ते दिवस कसे असतात हे ती मला इतक्या वेळा सांगायची की मी गिरगावात जन्मले नसले तरी मला कुठल्या घरावर कुठल्या रंगाचा तारा लागतो ते पाठ झालं होतं. कुलकुल, नेवऱ्या, पेरूची वडी, आणि त्यांनी भरलेली ताटं घेऊन वाडीभर पळणारी मुलं. ताटावर क्रोशाचा रुमाल. हिंदूंच्या घरी आधी जायचं, कारण त्यांनी दिवाळीला आधी पाठवलेलं असतं. "इथे तर सगळेच आपले," ती म्हणायची, "केवढं मोठं असेल विचार कर. सगळा देशच वाडी."

मला त्यात काही खटकण्यासारखं वाटलं नाही. मला वाटलंही असतं तरी मी बोलले नसते, कारण त्याआधी सहा डिसेंबरला तिने माझ्यासाठी जे केलं ते मी विसरू शकत नव्हते. सहा डिसेंबरला आमचं अख्खं घर दादरला असतं. चैत्यभूमीला येणाऱ्यांना पाणी द्यायचं, जेवण वाढायचं, मुक्कामाला माणसं घरी. जन्मल्यापासून तो दिवस मी घरात बसून काढला नव्हता. त्या सकाळी मी पांघरुणातून बाहेरच येईना. लव्हिना, जिला मी रोज ओढून उठवायचे, ती त्या दिवशी माझ्याआधी उठली होती. पांढरा ड्रेस घालून उभी. म्हणाली, "तुमच्यात काय करतात ते सांग, करूया." आम्ही खिडकीत मेणबत्ती लावली आणि मी वंदना म्हटली. ती हात जोडून माझ्या शेजारी उभी राहिली, आणि संपल्यावर म्हणाली, "आता पाणी कुणाला वाटायचं?" मग जिन्यात भेटेल त्याला आम्ही पाण्याची बाटली देत सुटलो. थंडीने दात वाजत होते आणि त्यांना वाटलं असेल या मुलींना काय झालंय... तर नाताळला मी तिच्याबरोबर असणार हे ठरलेलंच होतं.

कुलकुल मी तिच्याबरोबरच करायला शिकले. मैद्याची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, की शिंपल्यासारखी वळी होते, आणि मग तळायची. नारळाचं दूध मिळालं नाही म्हणून तिने डब्यातलं गोड दूध घातलं. ते तळताना खोलीभर धूर झाला, आणि कुलकुल इतके कडक झाले की मी म्हटलं, हे हाडांच्या पेटीत ठेवले तर सर ओळखणार नाहीत. तिला राग आला. पण रात्री अभ्यास करता करता ती एकेक कडाकडा फोडून खात होती.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी आम्ही नटून बाहेर पडलो. तिने आंटीने शिवलेला निळा फ्रॉक घातला होता, आणि त्यावर माझं जाड जाकीट, कारण तिचं जाकीट त्या फ्रॉकवर 'शोभत नव्हतं'. रस्त्यावर काहीच नव्हतं. दिवे नवीन वर्षाचे होते. लोक ऑफिसातून भाज्यांच्या पिशव्या घेऊन घरी चालले होते, आपल्याकडे कुठल्याही बुधवारी जातात तसे. लव्हिना म्हणाली, "मिस्सा उशिरा असेल." मिस्सा म्हणजे त्यांची चर्चमधली सणाची प्रार्थना. आम्ही जवळच्या मोठ्या चर्चमध्ये शिरलो. आत खुर्च्या नव्हत्या, बाकं नव्हती. एका म्हातारीने आम्हाला दारातच अडवून डोकं झाकायची खूण केली. दाढीवाले फादर कुठल्याशा कोपऱ्यात काही पुटपुटत होते. दोनचार बायका मेणबत्त्या लावून, तसबिरींना ओठ टेकवून निघून गेल्या. आम्ही उभ्या राहिलो. पाय दुखायला लागले तरी उभ्या राहिलो, कारण लव्हिनाला वाटत होतं की आता सुरू होईल. नाताळचा गोठा कुठे दिसेना, बाळ येशू कुठे दिसेना. शेवटी एका माणसाने येऊन दिवे मालवायला सुरुवात केली. लव्हिनाने त्याला इंग्रजीत विचारलं, "ख्रिसमस?" त्याने बोटांवर काहीतरी मोजलं आणि हसून म्हणाला, "जानेवारी. सेव्हन."

त्यांचं पंचांग वेगळं. त्यांचा नाताळ सात जानेवारीला. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलंही नव्हतं. चर्च आहे का एवढंच विचारलं होतं. शहरात लव्हिनाच्या पंथाचं एक छोटं कॅथलिक चर्च होतं हेही नंतर कळलं. ज्या गिरगावात ख्रिस्ती मूठभर, तिथे पंचवीस डिसेंबरला शाळेला सुट्टी. आणि या ख्रिस्ती देशात पंचवीसला सकाळी आमची शरीररचनेची तोंडी परीक्षा होती.

त्या परीक्षेत लव्हिनाच्या हातात नडगीशेजारचं बारीक हाड आलं. हे हाड डाव्या पायाचं की उजव्या हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. ती हाड हातात धरून उभी. मग अचानक तिने मॅडमना म्हटलं, "मॅडम, आज ख्रिसमस आहे." मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो मुली, तुझ्याकडे असेल. लेफ्ट की राइट?"

बाहेर आलो तेव्हा आंटीचा फोन. मागे वाडीतला सगळा गलका, मुलांची आरडाओरड, कुणाचं तरी गिटार. आंटीने फोन स्पीकरवर टाकलेला. सगळ्यांना ख्रिस्ती देशातला नाताळ ऐकायचा होता. "सांग गो, कसा झाला मिस्सा?" मी लव्हिनाच्या तोंडाकडे बघत होते. तिने एकदा डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. काय सांगितलं तिने... सगळं शहर रस्त्यावर होतं. कॉयर इतकी मोठी की मोजता येईना. लहान मुलांना एंजलचे पंख. बर्फ पडत होता, ममा, आणि त्यात मेणबत्त्या. बर्फ पडला नव्हता. बसस्टॉपवर आमच्यासमोर एक माणूस केळी सोलत उभा होता. "आन घंटा?" आंटीने विचारलं. लव्हिनाने खिशातून खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि फोनजवळ धरून खुळखुळवला. "ऐकलंस? लांबून येतोय आवाज." फोन ठेवल्यावर ती स्टॉपच्या बाकावर बसली आणि त्या वर्षी पहिल्यांदाच रडली. मला म्हणाली, "ममाने चर्च आहे म्हणून पाठवलं मला. तिला कळलं तर तिला वाटेल, तिने मला चुकीच्या जागी टाकलं. कधी सांगू नकोस तिला. शप्पथ घे." मी शपथ घेतली नाही, आमच्याकडे देवाच्या शपथा घेत नाहीत, पण शब्द दिला.

संध्याकाळी तिने डोळे धुतले आणि म्हणाली, "ताट तरी द्यायचंच." घरून आणलेल्या स्टीलच्या ताटावर, ज्याच्या कडेवर आंटीचं नाव टोचून घातलेलं होतं, तिने कुलकुल रचले, रुमाल घातला आणि शेजारचं दार ठोठावलं. तिथे ननुली नावाची म्हातारी एकटी राहायची. आम्ही तिला बेबो म्हणायचो, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. मुलगा पोलंडमध्ये ट्रक चालवायचा. तिने दार उघडलं, ताटाकडे बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, ताट घेतलं आणि दार लावलं. बस. लव्हिनाने मला समजावलं की वाडीत ताट कधी रिकामं परत येत नाही, घरात काही नसलं तर निदान चिमूटभर साखर तरी घालतात. दुसऱ्या दिवशी ताट आलं नाही. त्यानंतरही आलं नाही. नवीन वर्षाचे फटाके वाजले, पुन्हा सगळं सामसूम झालं. जिन्यात बेबो दिसली की नुसती मान हलवायची. लव्हिना मनातून खचत गेली. मला म्हणाली, "तिने फेकले असणार. ममाचं ताट पण गेलं. सुजा, ही सुट्टी संपली की मी परत जाते यार. इथे माझं काय आहे?" मी तिला थांब म्हणू शकले नाही, कारण तिला काय दाखवून थांब म्हणायचं हे मला ठाऊक नव्हतं. ती गेली असती तर मीही फार दिवस टिकले नसते, हेही खरं.

सात जानेवारीला सकाळी दार वाजलं. बेबो ठेवणीतला काळा ड्रेस आणि मोत्यांची माळ घालून उभी. हातात आमचं ताट, रुमालाला कडक इस्त्री. ताटात अक्रोड आणि मधाची चिक्की होती, आणि चीज भरलेली गरम भाकरी अर्धी बाहेर लोंबत होती. तिने एक बोट स्वतःच्या छातीला लावलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "नाऊ. हॅपी ख्रिसमस." मग आमच्या दोघींचे हात धरून तिच्या घरात नेलं. टेबल मांडलेलं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला जॉर्जियन येत नव्हतं. ती नुसती 'चामे, चामे' म्हणत वाढत होती. चामे म्हणजे खा. तो तिचा नाताळ होता, आणि आपल्या सणाला आलेलं ताट आपल्या सणालाच भरून परत द्यायचं म्हणून ती थांबली होती. आमच्या चाळीतल्या कुठल्याही काकूने हेच केलं असतं. कुलकुल तिने एका बरणीत जपून ठेवले होते. त्यातला एक काढून आमच्यासमोर खाल्ला, दाढ धरली, आणि आम्ही तिघी इतक्या हसलो की लव्हिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. परत जायची गोष्ट तिने त्यानंतर काढली नाही.

डॉक्टर होऊन आम्ही परत आलो, इथल्या परीक्षेत एकदा आपटलो, मग पास झालो. मी परळला इस्पितळात लागले. तिने ठाकूरद्वारजवळ दवाखाना टाकला, आणि पेशंटला औषधाबरोबर बोलणी द्यायला सुरुवात केली. औषध न घेणाऱ्या म्हाताऱ्यांना ती दटावून 'चामे' म्हणायची आणि त्यांना ते तिच्या ख्रिस्ती भाषेतलं काहीतरी वाटायचं. पंचवीस डिसेंबर तिचा वाडीचा. पण सात जानेवारीला दवाखाना बंद करून ती माझ्याकडे परळला यायची, एकही वर्ष न चुकता. येताना अक्रोडाची चिक्की करून आणायची, जी तिच्या कुलकुलइतकीच कडक असायची, आणि माझ्या तव्यावर चीजची भाकरी भाजून माझी शेगडी खराब करायची. बेबो गेल्याचं तिच्या मुलाने कळवलं त्या वर्षी आम्ही जेवणाआधी तिच्यासाठी मेणबत्ती लावली. तेव्हाच मी लव्हिनाला म्हटलं होतं, आता आंटीला सांगून टाक ना सगळं, इतकी वर्षं झाली. ती भाकरी उलटत म्हणाली, "नको गं. ममाचा तो नाताळ इतका छान झालाय. तो कशाला मोडू?"

यंदा पंचवीसला मला ड्युटी होती, आणि मी ती बदलून घेतली नाही. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात त्या वर्षी नाताळचं काही तळत नाहीत. शेजाऱ्यांनी द्यायचं असतं. आंटीकडे वाडीभरातून ताटं आली असणार, बायका बसल्या असणार, आणि ती गोष्ट पुन्हा सांगितली गेली असणार. मला पुन्हा 'हो' म्हणायचं नव्हतं. पण सात जानेवारीची संध्याकाळ झाली आणि माझ्याच घरात मला बसवेना. तवा धुऊन टांगलेला होता, त्याच्याकडे बघवेना. उठले आणि गिरगावात गेले.

आंटी मशीनवर होती. लग्न ठरलेल्या कुणाच्या तरी गाऊनची बाही लावत होती. नवरी काही थांबत नाही. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. "ये. मना वाटलंच तू येशील. सात तारीक ना आज." मी दारातच उभी राहिले. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "दर साल ती तुज्याकडं यायची या दिवशी. ताप असला तरी यायची. मी कंदी विचारलं नाय. काय असतं गो त्या दिवशी?"

माझ्याकडे उत्तरं होती. वाढदिवस, भिशी, काहीही चाललं असतं. मला लव्हिना भाकरी उलटताना दिसत होती, 'कशाला मोडू' म्हणताना. आणि समोर ही बाई, जिला गेले इतके दिवस येणारा जाणारा प्रत्येक जण सांगत होता की तुमची मुलगी फार गुणी होती, हात फार हलका होता, हसतमुख होती... मी खुर्ची ओढली. म्हटलं, "नाताळ असतो, आंटी. तिकडचा." आणि मग सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. दिवे मालवणारा माणूस, केळी सोलणारा माणूस, तोंडी परीक्षा, ताट, बेबो. चर्चपाशी आले तेव्हा मशीन थांबली. फोनपाशी आले तेव्हा तिने हळूच विचारलं, "आन घंटा? मी ऐकल्या ना." मी म्हटलं, "किल्ल्या होत्या त्या." तिने गाऊनचं कापड मांडीवर घेतलं आणि ते उगाच सरळ करत राहिली. मला वाटलं, मोडला मी. लव्हिनाने इतकी वर्षं सांभाळलेला तो नाताळ मी एका संध्याकाळी मोडून ठेवला.

कापडावरून नजर न उचलता ती म्हणाली, "तं हाड... डावं का उजवं, काय बोलली ती?"

"उजवं म्हणाली. डावं होतं."

आंटीच्या नाकातून आधी फुस्स असा आवाज आला. मग तिने तोंडावर हात धरला, मग गाऊनची बाहीच तोंडाशी नेली, आणि हसता हसता ती रडत होती की रडता रडता हसत होती ते मला सांगता येणार नाही. "तशीच ती," ती म्हणाली. "मोठी झाली तरी चपला उलट्या घालायची. शाळेत जायची तशीच. डावी उजव्यात." हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका खोलीत राहून हे मला माहीत नव्हतं, आणि ते मी त्या क्षणी अधाशासारखं घेतलं.

मी म्हटलं, "तिने सांगू नको म्हटलं होतं, आंटी. मी शब्द मोडला."

"मोडला तर मोडला. मी बघून घेईन तिला." तिने डोळे पुसले. "सगली येतात बाय, नि मना म्हायती हाय तंच सांगतात. ती गेल्यापासून हं पयलंच नवीन आयकलं तिचं." आणि गाऊन बाजूला ठेवून, चहाचं भांडं शेगडीवर चढवत, माझ्याकडे पाठ करून तिने विचारलं, "अजून हाय?"

होतं. पाण्याच्या बाटल्या होत्या, माझ्या जाकिटाची गोष्ट होती, त्या मी सांगितल्या. लव्हिना बर्फावर घसरून थेट डीनच्या पायाशी जाऊन पडली होती ती सांगितली नाही. मेसच्या आचाऱ्याला तिने डाळीला फोडणी द्यायला शिकवली आणि त्याने नोकरी सोडून हॉटेल काढलं, तीही नाही. त्या ठेवल्या आहेत. लव्हिना आता नवीन काही करणार नाही. जेवढं केलंय तेवढंच आहे, थोडं माझ्याकडे, थोडं आंटीकडे, आणि ते आम्हाला पुष्कळ दिवस पुरवायचं आहे. निघताना आंटी म्हणाली, "रविवारी ये." मी म्हटलं, येते.